रायफलची नळी काढायची हत्यारं: आधी काय वाचवायचं आहे ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे दोन रायफली आहेत, एक जुनी लष्करी माउझर ९८ आणि एक रेमिंग्टन ७००. दोन्हींच्या नळ्या झिजल्यात, नव्या बसवायच्यात. घरच्या वर्कशॉपमध्ये लाकडी बाकावर पाच इंची व्हाइस आहे, एक दणकट पाईप पाना आहे, आणि नळी धरणारा बॅरल व्हाइस व रिसीव्हर (नळी ज्यात आट्यांनी बसते तो मागचा पोलादी भाग) धरून फिरवणारा अ‍ॅक्शन रेंच यांपैकी कशावर पैसे घालावेत हे तुम्हाला कळत नाहीये. रायफली तुमच्याच नावावर आहेत आणि घरी असं काम करायला कायद्याची मोकळीक आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून पुढचं सांगतो. जिथे नुसत्या दुरुस्तीलाही परवाना लागतो तिथे हा विषय परवानाधारक कारागिराच्या दारातच संपतो.

हत्यारांच्या आधी एक ठरवा: नळी आणि रिसीव्हर या जोडीतलं काय वाचवायचंय? तुमची नळी झिजलेली, म्हणजे ती भंगारात जाणार. रिसीव्हर मात्र राहणार, आणि सगळी किंमत त्याचीच. हे एकदा नक्की झालं की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. नळी धरणारं हत्यार ओबडधोबड असलं तरी चालतं, घरी बनवलेलंही चालतं. रिसीव्हर धरणारं हत्यार मात्र त्या रिसीव्हरच्याच मापाचं हवं, तिथे काटकसर नको. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. देखणा बॅरल व्हाइस घेतात आणि रिसीव्हरला स्क्रू पाना लावतात.

तो स्क्रू पाना मीही लावलेला आहे. शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट. रिसीव्हरच्या मधल्या भागाला, मॅगझिनच्या खिडकीवर पाना लावून जोर दिला. नळी सुटली, मी खूश. मग रायफलचा बोल्ट (काडतूस पुढे ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा) घातला तर तो अर्ध्यात अडकला. रिसीव्हरची पुढची रिंग (नळी जिच्यात बसते ती) जागेवर राहिली होती आणि मागचा पूल (खिडकीमागचा जोडणारा भाग) किंचित पिळला गेला होता. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, बोल्टला मात्र कळलं. रिसीव्हर म्हणजे वर-खाली भोकं पाडलेली नळकांडी. मधोमध ती फार नाजूक असते. पीळ द्यायचा तो पुढच्या रिंगवर, आट्यांच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ. त्यापुढची सगळी हत्यारनिवड याच एका वाक्यातून निघते.

अ‍ॅक्शन रेंच दोन जातींचे असतात. एक बाहेरून चिमटा घेणारा: दोन अर्धगोल तुकडे रिसीव्हरच्या रिंगभोवती नट-बोल्टांनी आवळायचे आणि त्याला लांब दांडा. दुसरा मागून आत घालायचा: पोलादी दांडा, त्याच्या पुढच्या टोकाला रायफलच्या बोल्टच्या लगांसारखे (रिसीव्हरमध्ये अडकणाऱ्या कानांसारखे) उंचवटे. बोल्ट काढून त्याच्याच वाटेने तो आत सरकवायचा की ते उंचवटे पुढच्या रिंगेतल्या लगांच्या खोबणीत बसतात आणि पीळ थेट तिथेच पोचतो.

मला आतला आवडतो, आणि त्याचं कारण सोय हे नाही. बाहेरचा रेंच घसरू नये म्हणून आपण त्याचे बोल्ट जीव तोडून आवळतो. आवळतो कुठे? नेमक्या त्याच रिंगवर जिच्या आत आटे आहेत. रिंग केसभर का होईना दबते आणि नळीला आणखी घट्ट धरून बसते. एका हाताने सोडवायचं, दुसऱ्या हाताने आवळायचं असा प्रकार होतो. आतल्या रेंचमध्ये हे होत नाही. त्याची अट एवढीच की तो मापात बसला पाहिजे. ढिला असेल तर खोबणीच्या कडांवर टेकतो आणि त्या कडा मोडतो, आणि मग बोल्ट आयुष्यभर तिथे खरखरत चालतो. घालून हाताने हलवून बघा. डावी-उजवीकडे खुळखुळत असेल तर परत करा. काही आतले रेंच फक्त मागच्या पुलापाशी पकड घेतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका, ते माझ्या स्क्रू पान्याचेच सुधारलेले भाऊ.

तुमच्या ७०० साठी आतला रेंच घ्या. तो रिसीव्हर बाहेरून गोलच असतो, खालून सपाट पाठ नाही, त्यामुळे बाहेरच्या रेंचला तिथे धरायला घर्षणाशिवाय काही मिळत नाही. माउझरची गोष्ट वेगळी. त्याची पाठ खालून सपाट आहे, रिकॉइल लग (गोळीचा धक्का दस्त्यावर पोचवणारा खालचा कान) रिसीव्हरच्याच अंगाचा आहे, म्हणून खालचा तुकडा सपाट आणि वरचा गोल असा बाहेरचा रेंच तिथे फिरूच शकत नाही. माउझरला मी बाहेरचा रेंच बिनदिक्कत लावतो आणि बोल्ट बेताचे आवळतो. फक्त घेण्याआधी रिंग मोजा. माउझरमध्ये मोठ्या रिंगचे आणि लहान रिंगचे असे दोन प्रकार आहेत, मोठीचा व्यास सुमारे ३६ मिमी, लहानीचा सुमारे ३३. तीन मिमीची फट कागद भरून बुजवणारे लोक मी पाहिलेत. पुढे काय झालं ते त्यांनाच विचारा.

आता नळीकडे वळू. इथे थोडं गणित केलं की तुमचा पाच इंची व्हाइस का पुरणार नाही ते लगेच कळतं. धरा, सांधा सुटायला २०० न्यूटन-मीटर पीळ लागला. जुन्या बंदुकीला हा आकडा काही जास्त नाही. बसवतानाच लोक ८० ते १३५ पर्यंत आवळतात, आणि वर्षानुवर्षांचं वाळलेलं तेल व गंज त्यावर चढतो. नळीचा मागचा जाड भाग ३० मिमी व्यासाचा, म्हणजे त्रिज्या १५ मिमी. २०० ला ०.०१५ ने भागा: नळीच्या पृष्ठभागावर तेरा हजार न्यूटनांहून जास्त घर्षण लागतं. घर्षणगुणांक ०.२ धरला आणि दोन्ही बाजूंनी दाब आहे हे लक्षात घेतलं तर जबड्यांचा दाब तेहतीस हजार न्यूटन, म्हणजे जवळजवळ साडेतीन टन होतो. साधा व्हाइस हाताने फिरवून इथवर पोचत नाही. पोचवायला गेलात तर जबडे नळीत रुततात किंवा व्हाइसचं बीड तडकतं.

चार १६ मिमीच्या बोल्टांनी आवळलेले दोन जाड पोलादी ठोकळे मात्र हा दाब हसत देतात. बॅरल व्हाइस म्हणजे मुळात एवढंच. कुणी बोल्टांऐवजी हायड्रॉलिक जॅक लावतं. चांगली सोय आहे, पण दोन नळ्यांसाठी गरज नाही. हे तुम्ही घरी करू शकता, आणि माझ्या मते करावंच. दोन ठोकळ्यांमध्ये जाड पुठ्ठ्याची एक पट्टी ठेवा, एकत्र आवळा, आणि त्या सांध्यावर मधोमध भोक पाडून बोअर करा. पुठ्ठा काढला की तेवढी फट राहते आणि आवळायला जागा मिळते. पुठ्ठा न घालता बोअर केलं की ठोकळे एकमेकांना टेकतात आणि नळी आत मोकळीच फिरते. मग माणूस बोल्टांना दोष देत बसतो.

ठोकळा आणि नळी यांच्यामध्ये काय घालायचं यावर जो तो आपलं घोडं दामटतो. अ‍ॅल्युमिनियमचे बुश (नळीभोवती बसणारी पोकळ अस्तरं) माझ्या कामाचे. कठीण लाकूडही चालतं, पण लाकूड दबतं आणि एकाच कामानंतर त्याचा आकार जातो. नळी निमुळती असेल तर सरळ भोकाचा बुश तिला फक्त एका कडेला धरतो. म्हणून पकड शक्यतो रिसीव्हरच्या लगत, जिथे नळी सरळ दंडगोल असते, तिथेच घ्या. तिथे सरळ भाग नसेलच तर बुशमध्ये पोलादी भुकटीचं इपॉक्सी ओतून नळीचाच ठसा घ्या, आणि नळीला आधी मेणाचा पातळ हात द्या, नाहीतर ती कायमची तिथेच राहील.

आणि राळ! व्हायोलिनच्या धनुकलीला लावतात ती. कुटून पूड करा, बुशच्या आत शिंपडा. त्याआधी नळी आणि बुश दोन्ही अ‍ॅसिटोनने पुसा, एकदा नाही, दोनदा. एक माउझर मला आठवते. सागाचे ठोकळे, बोल्ट हात दुखेपर्यंत आवळलेले, दांड्यावर जोर दिला की ‘किर्र’ असा आवाज. मला वाटलं आटे सुटताहेत. ठोकळे उघडले तर लाकडावर निळसर काळे पट्टे, नळीचं ब्लूइंग (गंज रोखणारा निळसर काळा थर) वळसे घेत निघालेलं, आणि सांधा तसाच. ठोकळ्यांवर आदल्या कामाचं तेल होतं. पुसलं, राळ टाकली, बोल्ट आधीपेक्षा कमीच आवळले, आणि नळी पहिल्याच झटक्यात सुटली. माझ्या टेबलावर तेव्हापासून राळेची डबी ग्रीजच्या डब्याच्या शेजारी कधीच ठेवलेली नसते.

त्या दिवशी एक रेघ मारली असती तर आवाजावर विसंबावं लागलं नसतं. काम सुरू करण्याआधी पांढऱ्या पेन्सिलने एक रेघ नळी आणि बुशवरून मारा, दुसरी नळी आणि रिसीव्हरच्या सांध्यावरून. जोर दिल्यावर पहिली तुटली तर नळी घसरतेय, थांबा. दुसरी तुटली तर काम झालं. नळी परत त्याच रिसीव्हरला लावायची असेल तर दुसरी रेघ पेन्सिलची नको, खालच्या बाजूला, लाकडात झाकली जाईल अशा ठिकाणी बारीक टोच्याने ओढा.

बाकाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो, कारण खरा घोळ तिथे होतो. मीटरभर दांड्यावर ४० किलोचा भार म्हणजे सुमारे ४०० न्यूटन-मीटर. हा पीळ नळीतून व्हाइसमध्ये, व्हाइसमधून बाकात जातो. लाकडी बाक एक तर उचलला जातो, नाहीतर तिरका होतो, आणि तुमचा अर्धा जोर बाक वाकवण्यात खर्ची पडतो. ठोकळे जाड पोलादी पट्टीवर बसवा आणि ती पट्टी बाकाच्या पायांपर्यंत किंवा भिंतीपर्यंत आरपार बोल्टांनी बांधा. लाकडी स्क्रू नकोत.

दिशेची चूक इतकी वेळा पाहिली आहे की लिहावंच लागेल. रिसीव्हरच्या मागे, म्हणजे दस्त्याच्या बाजूला उभे राहा. आटे बहुतेक सगळीकडे उजवेच असतात, तेव्हा रिसीव्हर घड्याळाच्या उलट फिरला पाहिजे. दांडा डावीकडे आडवा ठेवा आणि खाली दाबा. नळीच्या तोंडाकडून बघत दिशा ठरवणारा माणूस तासभर नळी आवळत बसतो आणि मग मला विचारतो, इतकी घट्ट कशी. रिसीव्हर ठोकळ्यांपासून बोटभरच बाहेर ठेवा. जास्त बाहेर असेल तर जोर पिळण्याऐवजी वाकवण्यात जातो.

जोर कसा द्यायचा? दांड्यावर लटकू नका. लांब दांडा स्प्रिंगसारखा ताणला जातो, सांधा एकदम सुटला की आपण दांड्यासकट जमिनीवर. दांड्याला बेताचा ताण द्या आणि त्याच्या टोकावर दीड-दोन किलोच्या हातोड्याचा एक नेमका ठोका घाला. अडकलेल्या सांध्याला हळूहळू वाढणाऱ्या जोरापेक्षा असा झटका लवकर पटतो. सुटताना बारीक ‘कट्ट’ असा आवाज येतो. एकदा ऐकलात की तो ‘किर्र’ पुन्हा फसवणार नाही.

नाही सुटली तर आधी भेदक तेल आणि धीर. सांध्यावर तेल सोडून दोन-तीन दिवस ठेवा, रोज हलके ठोके द्या. त्यानंतर उष्णता, पण हॉट एअर गनची, ज्योत नाही. रिसीव्हर उष्णोपचार केलेला असतो, जुन्या माउझरांचा तर वरचा थरच कठीण केलेला असतो, आतलं पोलाद मऊ. १५० अंश सेल्सिअसच्या आत राहा. चकचकीत पोलादावर फिकट पिवळा रंग साधारण २२० अंशांना उमटतो आणि निळा ३०० च्या आसपास, पण तुमच्या रिसीव्हरवर आधीच ब्लूइंग असल्याने हे रंग दिसणारच नाहीत. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, तापमान मोजा.

शेवटचा उपाय लेथवरचा. नळी जाणारच आहे, तर रिसीव्हरच्या तोंडापुढे, नळीच्या खांद्यावर (बाहेरून टेकणाऱ्या पायरीवर) अरुंद खाच कापतात. खांद्याचा दाब सुटला की आट्यांवरचा ताण जातो आणि नळी निमूट फिरते. १९१७ सालच्या अमेरिकी एनफिल्डसाठी हा उपाय खास प्रसिद्ध आहे, कारण त्या नळ्या भयंकर घट्ट बसवलेल्या असत आणि जबरदस्तीने काढताना काही रिसीव्हरना तडे गेले. ७०० ला ही युक्ती लागू पडते. माउझर ९८ ला नाही, आणि इथे भले भले फसतात. माउझरची नळी बाहेरच्या खांद्यावर नव्हे तर रिसीव्हरच्या आतल्या कड्यावर टेकते. बाहेर कितीही खाच कापा, दाब आतच राहतो. तिथे तेल, ऊब आणि चांगला रेंच, एवढेच मित्र.

आता पाईप पाना. भंगारात जाणाऱ्या नळीवर, आणि फक्त नळीवर, तो लावायला माझी हरकत नाही. दात रुततात ते तिथे फायद्याचंच. पण तो वापरायचा तर रिसीव्हर दुसऱ्या बाजूला पक्का बसवावा लागतो, आणि मग फिरून अ‍ॅक्शन रेंचकडेच यावं लागतं. साखळी पान्याचंही तेच. कुणी बोल्टच आत घालून त्याच्या मुठीने रिसीव्हर फिरवायचा सल्ला दिला तर त्या माणसाचं पुढचं काही ऐकू नका.

सगळ्याच रायफलींना एवढा प्रपंच लागतो असं नाही. सॅव्हेज ११० ही १९५८ पासूनची रचना; तिच्या नळीवर स्वतंत्र नट असतो. नटाचा योग्य पाना मिळाला की बाकी फारसं काही लागत नाही. जुन्या नटांना खाचा आहेत, नंतरचे गुळगुळीत, आणि दोघांचे पाने वेगळे. रुगर १०/२२ ची नळी तर आट्यांनी बसलेलीच नसते, दोन स्क्रूंनी आवळलेला व्ही-आकाराचा ठोकळा तिला धरतो. तिच्यावर बॅरल व्हाइस आवळणारा माणूसही मला भेटलाय.

खरेदीचा क्रम विचारलात तर सगळ्यात आधी हेडस्पेसचे गेज घ्या, त्या त्या काडतुसाचे, गो आणि नो-गो दोन्ही. नळी काढायला ते लागत नाहीत हे खरं. पण बोल्टचं तोंड आणि चेंबरमधल्या (काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या पोकळीतल्या) काडतुसाचा टेकू यांच्यातलं अंतर नळी हलली की बदलतं, आणि ते मोजल्याशिवाय रायफल परत झाडायची नसते. गो गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गोवर होता कामा नये. हे गेज घ्यायची तयारी नसेल तर नळीला हात लावू नका. मग ७०० चा आतला रेंच, मग माउझरचा बाहेरचा, आणि बॅरल व्हाइस घरी.

कामाला बसण्यापूर्वी रायफल रिकामी आहे हे चेंबरमध्ये बोट घालून बघा, नुसतं डोळ्यांनी नको. बोल्ट, मॅगझिन, दस्ता, ट्रिगर, दुर्बिणीचे माउंट सगळं उतरवा. माउझरचा बोल्ट-स्टॉप आणि त्यातला इजेक्टरही. नळी निघाल्यावर रिसीव्हरचे आटे पितळी ब्रशने साफ करा आणि प्रकाशात फिरवून पाहा. एखाद्या आट्यावर धातू फाटून चिकटलेला दिसला तर नवी नळी घालण्यापूर्वी तो काढावा लागेल, नाहीतर ती अर्ध्या वाटेत अडकेल. आणि ७०० ला सुरुवात कराल तेव्हा खाली जाड पोतं पसरा. तिचा रिकॉइल लग सुटा असतो, नळी आणि रिसीव्हरच्या मध्ये चेपून बसवलेला. नळी मोकळी झाली की तो निघतो आणि थेट पायावर येतो. कोणती बाजू पुढे होती त्याची खूण आधीच करून ठेवा.